हजार हेलपाट्यांचा मासा

सरकारी नोकरीत एकतीस वर्षे काढून, त्यांतली शेवटची नऊ कोकणातल्या एका मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर बसून, ज्या इसमाने हजारो अर्जदारांना "साहेब फिरतीवर आहेत, उद्या या" हे एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकविले, त्या इसमाला परमेश्वर याच जन्मात जाब विचारील, आणि तोही अमेरिकेतल्या ओहायो संस्थानात, मांडीभर बर्फगार पाण्यात, रबरी विजार छातीपर्यंत चढवून उभे करून विचारील, असे कोणी मला सेवानिवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार व हातात नारळ असताना सांगितले असते, तर मी त्याचा अर्ज तत्काळ दफ्तरी दाखल केला असता.

माझी मुलगी क्लीव्हलंड शहराच्या पूर्वेस, ईरी सरोवरापासून मोटारीने वीस मिनिटांवर राहते. जावईबापू इंजिनियर आहेत. स्वभावाने शांत, निर्व्यसनी आणि घाटावरच्या शुद्ध शाकाहारी घराण्यातले, इतके शुद्ध की आमच्या घरी प्रथम जेवावयास आले तेव्हा सोलकढीच्या वाटीतही त्यांनी चमचा दोनदा तळापर्यंत फिरवून खात्री करून घेतली होती. अशा गृहस्थाच्या मोटारखान्यात मोटारीला जागा न राहता मासे धरण्याच्या नऊ काठ्या, तीन जाळ्या, दोन रबरी विजारी आणि कप्प्याकप्प्यांच्या पेट्या पाहून माझ्या मनात घराण्याविषयी चिंता उत्पन्न झाली.

"जावईबापू, मासे खायला लागलात की काय?"

"छे हो नाना! धरायचा आणि सोडून द्यायचा."

"सोडायचाच तर धरायचा कशाला?"

"धरल्याशिवाय सोडणार कसा?"

या उत्तरात बोट ठेवावयास जागा नव्हती. आमच्या खात्यातही जप्ती बसविणे व ती उठविणे या दोन कामांतच पुष्कळांच्या बढत्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

ज्या माशापायी हा सर्व सरंजाम जमला होता त्याचे नाव स्टीलहेड. याची कुळकथा मला जावईबापूंनी तीन रात्री सांगितली. तिचा गोषवारा असा की रेनबो ट्राउट व स्टीलहेड ही एकाच जातीची, किंबहुना एकाच आईची लेकरे असू शकतात. जो गावच्या ओहोळातच राहिला, तेथेच किडामुंगी खाऊन बोटभराचा हातभर झाला, तो रेनबो. आणि जो लहानपणीच प्रवाहाबरोबर खाली उतरून समुद्रास गेला, तेथल्या सुकाळात अंगावर चरबी व चांदीची झळाळी चढवून प्रजोत्पादनासाठी पुन्हा गावच्या नदीत शिरला, तो स्टीलहेड. हे ऐकताच मी म्हणालो, "म्हणजे चाकरमानी!" आणि खरोखर, आमच्या कोकणातला चाकरमानी जसा शिमग्या-गणपतीला नवे कपडे घालून गावी येतो, दोन दिवस सर्वांवर रुबाब करतो, आणि पॅसिफिकमधल्या सामन माशांप्रमाणे गावीच देह न ठेवता बहुधा पुन्हा मुंबईची वाट धरतो, तसाच याचा क्रम आहे. ओहायोत मात्र समुद्र नाही. तेव्हा येथला चाकरमानी ईरी सरोवरावरच समुद्राची हौस भागवून घेतो. मुळात तो येथला नव्हेच. पॅसिफिक किनाऱ्यावरचे त्याचे पूर्वज १८७६ साली मिशिगनमधल्या ओ सेबल नदीत आणून वसविण्यात आले, आणि आजही सरकारी मत्स्यखाते शेजारच्या त्या संस्थानातल्या लिटल मॅनिस्टी नदीतून अंडी आणवून, पिले वर्षभर पोसून, दर वसंतात ओहायोच्या ठरावीक नद्यांत सोडते. इतकेच नव्हे, तर १९८९ साली शास्त्रज्ञांनी या माशाचे खाते अटलांटिकच्या सामनाच्या कुळातून कमी करून पॅसिफिकच्या सामनाच्या कुळात दाखल केले, असे कळल्यावर मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला; कारण माशाचा का होईना, पण फेरफार मंजूर झाला होता.

आता चढणीच्या माशांविषयी मला कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. मृगाचा पहिला पाऊस झोडपून गेला की आमच्याकडे ओहोळाला लाल पाणी येते, अंडी घालावयास निघालेले मासे त्या पाण्यावर उलटे चढू लागतात, आणि मग कंदील, टोपली, पंचा, कोयता, काहीच नसले तर आजोबांचे धोतर, असे हाताला लागेल ते घेऊन सारा वाडा बांधावर धावतो. अर्ध्या तासात टोपली भरते, दुसऱ्या अर्ध्या तासात चुलीवरचे सार उकळू लागते, आणि या सर्व व्यवहारात माशाचे मन वळविण्याचा प्रश्न कोठेही उपस्थित होत नाही. हे मी जावईबापूंना सांगितले.

"टोपलीनं?" ते अशा चेहऱ्याने म्हणाले, की जणू मी सतार ऐकण्याऐवजी ती चुलीत घालण्याची शिफारस केली होती. "नाना, याला इथं हजार फेकींचा मासा म्हणतात. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एकदा लागतो!"

हजार फेकी! मी मनातल्या मनात त्याचे शुद्ध मराठी भाषांतर केले: हजार हेलपाटे.

हेलपाट्यांचे साधन म्हणजे मिनो. मिनो ही वस्तुतः बोटाएवढी चिमुकली मासळी; परंतु जावईबापूंच्या पेट्यांत होते ते तिचे लाकडी व प्लॅस्टिकचे तोतये. बोटभर लांबीचे निमुळते अंग, पोटाला तीन-तीन आकड्यांच्या दोन गऱ्या, रंगविलेला बटबटीत डोळा, आणि हनुवटीखाली नखाएवढी पारदर्शक जीभ. या जिभेवर प्रवाहाचे पाणी आपटले की तो तोतया खाली बुडी घेतो आणि लटपटत, लंगडत पोहू लागतो. मी मोजले तेव्हा असे चौऱ्याण्णव निघाले. मुलगी म्हणाली, "नाना, आईला आकडा सांगू नका." चांदीचा, सोन्याचा, गुलाबी, जांभळा, वाघाच्या पट्ट्यांचा आणि एक तर चक्क विदूषकी वेषातला, आणि प्रत्येकाच्या पोटी एक सिद्धांत. पाणी गढूळ असेल तर भडक घ्यावा, नितळ असेल तर चंदेरी घ्यावा, ढगाळ असेल तर सोनेरी. लग्नात शालू निवडताना आमच्या वहिनींनी दुकानदाराचा जेवढा छळ केला नव्हता तेवढा हे गृहस्थ स्वतःचा करून घेत.

या तोतयाचा मूळ पुरुष फिनलंडचा. लॉरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. तळ्यात मासे धरता धरता त्याने पाहिले की मोठा मासा मिनोंच्या सबंध थव्यात नेमका एकच उचलतो, जो किंचित झोकांड्या देत चालला आहे तो. तेव्हा १९३६ साली त्याने बुचाचा तुकडा चाकूने तासला, चॉकलेटवरचा चंदेरी कागद त्याला गुंडाळला, छायाचित्रांच्या फिती वितळवून वरून रोगण चढविले, आणि आपला पहिला सुबक लंगडा मिनो पाण्यात सोडला. अमेरिकेत याचा बोलबाला झाला तो ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापल्यावर. योगायोगाने त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच निवर्तलेल्या मेरिलिन मन्रोचे चित्र होते, त्यामुळे तो अंक घरोघर गेला. आणि मुखपृष्ठासाठी अंक आणून पकडले गेल्यावर "अगं, माशांवरचा लेख वाचत होतो" असे सांगणाऱ्या नवऱ्यांपैकी किती जणांना पुढे शब्द राखण्यासाठी खरोखरच नदीवर जावे लागले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला दिसत नाही.

लंगडणे हे मिनोचे सर्वस्व असले तरी ते सरळ रेषेत लंगडणे असावे लागते. एका अंगाला झुकत चालला तर नाकातली तारेची कडी पकडीने विरुद्ध अंगाला केसभर वाकवावी, पाण्यात ओढून पाहावे, पुन्हा वाकवावी. हा प्रयोग जावईबापू भल्या पहाटे न्हाणीघरातल्या टबात करीत, आणि ही गोष्ट आमच्या कुटुंबास कोणी सांगून ठेवली नव्हती. सोमवारी साडेपाचला स्नानासाठी दार ढकलून ती आत गेली, आणि तिच्या दृष्टीस काय पडले? जावई टबाशी गुडघे टेकून बसले आहेत, एका हातात पकड, दुसऱ्या हातात दोरा, आणि टबातून एक मासा वळवळत त्यांच्याकडे येत आहे. जावयास तोंडावर काही बोलण्याची आमच्याकडे वहिवाट नसल्यामुळे सर्व फिर्याद माझ्या अंथरुणापाशी दाखल झाली.

"अहो, उठा! न्हाणीत मासा आहे."

"लाकडाचा आहे तो."

"असेना. वार कोणता आज?"

वार सोमवार होता, आणि सोमवारी आमच्या घरात माशाचे नावसुद्धा घेतले जात नाही. टब दोनदा धुण्यात आला. तिसऱ्यांदा धुतला जात असताना बुडाशी राहिलेली एक गरी तिच्या टॉवेलाला लागली, आणि त्या टॉवेलाचे पुढे काय झाले ते मी येथे लिहीत नाही.

ज्या नदीवर आम्ही जाणार होतो तिचे नाव शॅग्रिन. मुलीच्या घरच्या कोशात मी हा शब्द काढून पाहिला, तर अर्थ निघाला: अपेक्षाभंगामुळे होणारा हिरमोड. नदीला हे नाव कसे पडले याविषयी विद्वानांत दुमत आहे म्हणे. ते दूर करण्यासाठी त्यांनी एखादा रविवार काठावर उभे राहून घालविला असता तरी पुरे होते. या हिरमोड नदीची रोजकीर्द मात्र अशी चोख ठेवलेली की कोणत्याही शिरस्तेदाराने मान खाली घालावी. भूगर्भ सर्वेक्षण खात्याने विलोबी गावाशी मापनयंत्र बसविले आहे, आणि दर सेकंदास किती घनफूट पाणी वाहते ते आपल्याला घरबसल्या फोनवर पाहता येते. क्यूसेक हा शब्द मी जन्मभर कोयनेच्या पुराच्या बातम्यांत ऐकत आलो. तो जेवणाच्या टेबलावर, भाताचा घास तोंडाशी थांबवून, एखाद्या आप्ताच्या तापासारखा उच्चारलेला येथेच प्रथम ऐकला. पाऊस झाला की क्यूसेक चढतात, पाणी चहासारखे होते, मासे वर येतात पण त्यांना मिनो दिसत नाही. पाऊस थांबून आठवडा गेला की पाणी काचेसारखे होते, त्यांना मिनो दिसतो पण त्यामागचा माणूसही दिसतो. मधल्या दोन दिवसांत पाण्याला पोपटी झाक येते तीच पर्वणी. आणि पृथ्वीच्या परिभ्रमणात अशी काही योजना आहे की ही पर्वणी शनिवार-रविवारी कधीही येत नाही.

एप्रिलच्या आरंभी ती बुधवारी आली. जावईबापूंनी कचेरीत कळविले की सासरे एकाएकी आजारी पडले. म्हणजे त्या दिवशी मी कागदोपत्री अंथरुणाला खिळलेलो होतो, आणि याच स्थितीत, भाकर-तुकडा ओवाळावयाचा तेवढा बाकी ठेवून, कुटुंबाने माझ्या डोक्यावर माकडटोपी घट्ट बसवून मला घराबाहेर काढले. वाटेतल्या दुकानात परप्रांतीय इसमासाठी एक दिवसाचा परवाना मिळाला. सोबतची नियमपुस्तिका मी मोटारीतच अथपासून इतिपर्यंत वाचली: या मोसमात दिवसाला मासे दोन, लांबी कमीत कमी बारा इंच.

"दोनच?" मी विचारले. "मग तिसऱ्याचं काय करायचं?"

जावईबापूंनी नुसते माझ्याकडे पाहिले. गेल्या मोसमात त्यांना एकंदर एक लागला होता, हे मला मुलीने मागाहून सांगितले.

नदीचा तळ पाटीसारख्या काळ्या दगडाचा, आणि त्यावरचे शेवाळ असे की श्रावणातल्या आमच्या विहिरीच्या पायऱ्यांवर त्यापेक्षा बरा पाय ठरावा. काठावर एक सिकॅमोर वृक्ष पाण्यावर वाकून उभा होता, आणि त्याच्या फांद्यांवर पिढ्यानपिढ्यांच्या फसलेल्या फेकींचे मिनो, दोरे, रंगीत मणी असे लोंबत होते की वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच्या वडाची आठवण व्हावी. माझी पहिली फेक तेथेच गेली. दुसरीही गेली. तिसरी मात्र तेथे गेली नाही. ती मागे जावईबापूंच्या पाठपिशवीत गेली. चौथी पाण्यात पडली, आणि मी आनंदाने वळून पाहिले तो डावीकडे वीस पावलांवर पाण्यात उभा असलेला एक लालबुंद गृहस्थ जावईबापूंकडे आणि जावईबापू त्याच्याकडे टक लावून पाहत होते. तो त्यांचा साहेब होता. त्या दिवशी तो दातांच्या डॉक्टरकडे होता.

बराच वेळ केवळ नदी वाहत होती. मग साहेबाने माझ्याकडे पाहून सौजन्याने विचारले, "प्रकृती कशी आहे?"

"उतार आहे," मी म्हणालो. "तुमची दाढ?"

"पुष्कळ बरी."

एवढ्यावर प्रकरण बंद झाले. दोन्ही बाजूंचे कागद पुरे असले म्हणजे चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

उजवीकडे एक वृद्ध अमेरिकन तोंडात विझलेला पाइप धरून उभा होता. मी विचारले, "काही लागलं का?" तो म्हणाला, "काल यायला हवं होतं. काल काय मासे होते!" आणि अकस्मात, त्या थंडीत, माझ्या अंगावर काटा आला, कारण ते वाक्य माझे होते. "साहेब कालच होते हो, तुम्ही काल का नाही आलात?" हे मी निदान दहा हजार वेळा म्हटले असेन, आणि त्यातले कितीतरी वेळा वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला. मयत भावाच्या जमिनीवर वारसाची नोंद, म्हणजे साधा फेरफार, एवढेच त्याचे काम. दर गुरुवारी बाजारच्या दिवशी तो यायचा, दाराशी वहाणा काढायचा, एक खांदा किंचित पाडून, लटपटत, टेबलाटेबलांतून माझ्यापर्यंत पोहोचायचा. मी मान वर न करता "उद्या या" म्हटले की तो काकुळतीने विचारायचा, "किती वाजता येऊ, रावसाहेब?" मी म्हणे, "अकराला." साहेब अकराला नसत, हे मलाही ठाऊक होते आणि पुढे पुढे त्यालाही असावे.

"नाना, दोरा ताणून धरा," जावईबापू सांगत होते. "मिनो प्रवाहात एका जागी धरून ठेवायचा. तिथंच लटपटू द्यायचा, त्याच्या नाकासमोर. नदीत शिरल्यावर हा मासा फारसं काही खात नाही. भुकेनं येत नाही तो."

"मग कशानं येतो?"

"वैतागून येतो! आपल्या जागेत हा कोण लंगडा सारखा नाचतोय, म्हणून चिडून तोंड मारतो."

जन्मात प्रथमच मला एखाद्या शास्त्रीय सत्याचा पुरावा स्वतःच्या नोकरीतून देता आला असता. त्या म्हाताऱ्याचे काम शेवटी अकराव्या महिन्यात झाले ते कसे? विनवण्यांनी नव्हे, ओळखीने नव्हे, चिरीमिरी देण्याची त्याची ऐपत नव्हती. एके गुरुवारी तो काही न बोलता माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला आणि छत्रीचे टोक फरशीवर आपटू लागला. टक, टक, टक. अर्ज नाही, शब्द नाही. दुपारच्या चहापर्यंत मी सोसले. मग असा काही उसळलो की दप्तर फोडून त्याचे प्रकरण काढले, साहेबांच्या बंगल्यावर स्वतः चालत गेलो, सही घेतली आणि कागद त्याच्या अंगावर जवळजवळ फेकला. त्याने तो डोळ्यांना लावला, छत्री उचलली, आणि जाताना मला असा नमस्कार केला की मी आजवर त्याचा अर्थ लावतो आहे.

मी दोरा ताणून धरला. मिनो प्रवाहात टकटकत होता. त्याची थरथर दोऱ्यातून काठीत, काठीतून मनगटात येत होती. एक तास गेला. काठीच्या कड्यांत पाणी गोठत होते ते जावईबापू तोंडाच्या वाफेने वितळवीत होते. माझे पाय आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मी दोनदा खाली वाकलो. आदल्या रात्री जावईबापूंनी उत्साहाने सांगितले होते की या माशाचा त्या काळचा जागतिक विक्रम, बेचाळीस पौंड दोन औंस, १९७० साली अलास्कात एका आठ वर्षांच्या मुलाने केला. हे सांगण्याची काही जरुरी नव्हती.

आणि मग, मी थर्मासकडे हात लांबविलेला असताना, खालच्या काळ्या पाण्यातून कोणीतरी उसळले. काठी अशी वाकली की तिचे टोक पाण्याला लागले, चाकातून दोरा किंचाळत सुटला, "नाना, सोडू नका! नाना, ओढू नका!" असे दोन परस्परविरोधी हुकूम एकाच वेळी सुटले, आणि वीस वावांवर तो पाण्याबाहेर आला. सबंध आला. हातभर चांदी, कुशीवर फिकट गुलाबी पट्टा, आणि जबड्याच्या कोपऱ्यात माझा तो क्षुद्र लंगडा मिनो. हवेत असताना त्याने डोके दोनदा झटकले. त्या चेहऱ्यावरचा भाव मी अचूक ओळखला. दुपारच्या चहाच्या सुमारास तो माझ्या चेहऱ्यावर असे.

दुसऱ्या झटक्यास मिनो सुटला, ताणलेल्या दोऱ्याबरोबर सणसणत परत आला आणि सहाही आकड्यांनिशी माझ्या माकडटोपीत रुतला. मी मागे सरलो, शेवाळावर पाय गेला, आणि छातीपर्यंतच्या रबरी विजारीत नदीचा जो काही हिस्सा माझ्या वाट्याचा होता तो माझ्या नावे दाखल झाला. दाढदुखीच्या रजेवरील साहेबाने व सासऱ्याच्या आजारपणाच्या रजेवरील जावयाने मला दोन दंडांना धरून काठावर घेतले. पाइपवाला वृद्ध शांतपणे जवळ आला, टोपीतल्या मिनोचे निरीक्षण केले, गेलेल्या माशाला उद्देशून दोन आदराचे शब्द बोलला, आकाशाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"उद्या या."

माझे दात वाजत होते, परवाना मध्यरात्री संपत होता आणि टोपी डोक्यावरून निघत नव्हती.

"किती वाजता येऊ?" मी विचारले.